दुसऱ्याच्या पावलासाठी मोजे: पहिला जोड विणणाऱ्यांसाठी

भेट म्हणून मोजे विणायचे तर ज्याला द्यायचे त्याचं पाऊल मोजायला हवं, आणि नेमकं तेच समोर नसतं. स्वेटर थोडा ढगळ झाला तर चालतो. मफलरला मापच नसतं. मोजा मात्र अर्ध्या इंचाने चुकला की एकतर बुटात गोळा होतो, नाहीतर अंगठ्याला ओढ बसते. म्हणून या लेखात सुया हातात घेण्याआधी मी बराच वेळ मापावरच घालवणार आहे. सुलट आणि उलट टाका तुम्हाला येतो, टाके घालता आणि बंद करता येतात, एवढं मी धरून चालते. बाकी सगळं इथे सांगते.

माप

तीन मापं लागतात. पहिलं, टाचेच्या मागच्या टोकापासून सगळ्यात लांब बोटापर्यंत पावलाची लांबी. दुसरं, चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथे टेप गुंडाळून. तिसरं, घोट्याच्या जरा वरचा घेर. माणूस उभा असताना मोजायचं, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं.

गुपचूप विणायचं असेल तर त्यांच्या वापरातला, नीट बसणारा एखादा मोजा मिळवा आणि सपाट ठेवून मोजा. नाहीतर बुटाचा नंबर शोधा. युरोपीय नंबरावरून लांबी काढायला सोपा हिशेब आहे: नंबराला दीडने भागा आणि दीड वजा करा. ४२ नंबर असेल तर २८ वजा दीड, म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटर. बुटागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरतं. घेर मात्र नंबरावरून कळत नाही. रुंद पाय, उंच कमान, सुजणारे घोटे या गोष्टी घरातल्याच कुणाला तरी विचारून घ्या.

मोजा पायापेक्षा लहान विणायचा असतो. नवीन विणणाऱ्यांना हे पटत नाही, पण विणलेलं कापड ताणतं, आणि त्या ताणामुळेच मोजा पायाला धरून राहतो. घेर पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के कमी, लांबी साधारण एक सेंटिमीटर कमी. चवड्याचा घेर साडेबावीस असेल तर मोज्याचा घेर वीस सेंटिमीटरच्या आसपास.

वयस्कर माणसासाठी विणत असाल तर आणखी तीन गोष्टी. घोटे सुजत असतील किंवा मधुमेह असेल, तर वरचा काठ अजिबात आवळता कामा नये. बोटांपाशी जाड शिवण नको, ती टोचते. आणि गुळगुळीत फरशीवर लोकरीचा मोजा घसरतो, तेव्हा तळव्याला रबरी ठिपके लावा किंवा हे मोजे चपलेत नाहीतर अंथरुणात घालायचे, असं देतानाच सांगा.

लोकर आणि सुया

पुस्तकांत मोज्यांसाठी बारीक लोकर आणि सव्वादोन-अडीच मिलिमीटरच्या सुया सांगतात. तसे मोजे सुंदर होतात, पण एका मोज्याला ६४ टाके आणि शेकडो फेऱ्या लागतात. पहिल्या जोडासाठी मी त्याहून जाड, डबल निटिंग म्हणून मिळणारी लोकर घ्यायला सांगते. काम लवकर पुढे सरकतं, टाके डोळ्यांना दिसतात, चूक लगेच कळते. मोठ्या माणसाच्या जोडाला १५० ग्रॅम घ्या. थोडी उरेल, आणि ती उरायलाच हवी, का ते शेवटी येईलच. सगळे गुंडे एकाच रंग-लॉटचे आहेत ना, लेबलवरचा क्रमांक जुळवून बघा.

धागा कसला? मोज्यांसाठी खरी लोकर आणि नायलॉन यांचं मिश्रण सगळ्यात चांगलं, साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. लोकर ऊब देते आणि ताणून परत जागेवर येते, नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. निव्वळ सुती धाग्याला लवचीकपणा नसतो, मोजा दिवसभरात ढिला पडून खाली उतरतो. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपं, पण त्यात पाय घामेजतात. घेणारा माणूस मोजे मशीनमध्येच टाकणार हे माहीत असेल तर लेबलवर मशीनमध्ये धुता येईल असं लिहिलेलीच लोकर घ्या. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते, मग ती परत ताणली जात नाही. एखाद्याला लोकर टोचते का, हेही आधीच विचारून ठेवा.

सुया हव्यात दोन्हीकडे टोक असलेल्या, पाच, सव्वातीन मिलिमीटरच्या. चार सुयांवर टाके असतात आणि पाचवीने विणायचं. स्टीलच्या सुयांवरून टाके पटापट सरकतात, त्यामुळे सुटतातही. पहिल्यांदा बांबूच्या बऱ्या.

आता एक चौकोन विणून बघा. ३० टाके घाला, दहा-बारा सेंटिमीटर सुलट-उलट ओळी विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या भागात दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. आपल्याला २४ हवेत. मग ४८ टाक्यांचा मोजा वीस सेंटिमीटर घेराचा होतो. २६ आले तर तुमचा हात घट्ट आहे, सुई थोडी जाड घ्या. २२ आले तर बारीक घ्या. घेणाऱ्याचं पाऊल सडपातळ किंवा रुंद असेल तरी पहिल्या जोडाला टाक्यांची संख्या बदलू नका, सुई बदला. ४८ टाके तेच ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये २६ टाके बसवले की साडेवीस सेंटिमीटरच्या पावलाला मोजा बसतो, २२ बसवले की चोवीसच्या पावलाला. असं केलं की खाली दिलेले टाचेचे सगळे आकडे जसेच्या तसे वापरता येतात.

टाके घालणं आणि बॉर्डर

इथे माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती बहुतेकांची होते. आत्यासाठी विणलेला माझा पहिला जोड तिच्या टाचेवरून वर गेलाच नाही. वीण एकसारखी होती, टाच नीट वळली होती, पण सुरुवातीचे टाके मी इतके आवळून घातले होते की काठ ताणेचना. तिने दोन्ही हातांनी काठ धरून ओढला. चवड्यावरून गेला, टाचेशी अडकला. "राहू दे गं, नंतर घालते," म्हणाली आणि घडी करून बाजूला ठेवला. पोटरीला काठ सैल वाटला तरी तो टाचेवरून जायला हवा, आणि घोट्यापेक्षा टाचेचा तिरका घेर बराच मोठा असतो, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई हळूच काढून घ्या. टाके आपोआप सैल पडतात. ४८ टाके घाला आणि चार सुयांवर बारा-बारा वाटून घ्या. टेबलावर ठेवून बघा: टाक्यांचा खालचा काठ सगळीकडे आतल्या बाजूला यायला हवा, कुठे पीळ नको. पीळ राहिला तर पुढे तो सुटत नाही, सगळं उसवावं लागतं. पाचवी सुई घेऊन पहिल्या टाक्यापासून विणायला लागा, म्हणजे गोल जोडला जाईल. सुरुवातीच्या धाग्याचं टोक जिथे लोंबतंय तिथे तुमची फेरी सुरू होते. एक-दोन फेऱ्या झाल्या की पीळ पुन्हा एकदा तपासा.

दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर पाच सेंटिमीटर विणा, साधारण १६ फेऱ्या.

एका सुईवरून दुसरीवर जाताना मध्ये शिडीसारखी फट पडते. प्रत्येक सुईवरचा पहिला टाका विणून झाला की दुसरा टाका विणताना धागा जरा खेचून घ्या. पहिल्यालाच खेचलं तर फारसा उपयोग होत नाही, दुसऱ्याला खेचलं की पहिला जागेवर बसतो.

बॉर्डरनंतर सगळ्या फेऱ्या सुलट. गोलात विणताना उलट ओळ येतच नाही, त्यामुळे हा भाग गप्पा मारता मारता होतो. वरपासून पंधरा सेंटिमीटर होईपर्यंत विणत राहा.

टाचेची पट्टी

आता फक्त निम्म्या टाक्यांवर काम करायचं. तिसऱ्या आणि चौथ्या सुईवरचे २४ टाके तसेच राहू द्या, ती पावलाची वरची बाजू. पहिल्या आणि दुसऱ्या सुईवरचे २४ टाके एकाच सुईवर घेऊन पुढे-मागे विणायचं.

सुलट बाजूची ओळ: एक टाका न विणता उचलून घ्या, एक सुलट, पुन्हा एक न विणता, एक सुलट, असं शेवटपर्यंत. टाका उचलताना सुई उलट विणल्यासारखी घाला आणि धागा मागे ठेवा.

उलट बाजूची ओळ: पहिला टाका धागा पुढे ठेवून न विणता घ्या, बाकी सगळे उलट.

या दोन ओळी मिळून बारा वेळा, म्हणजे २४ ओळी. न विणलेल्या टाक्यांमागून धागा आडवा जातो आणि पट्टी दुहेरी जाड होते. टाच बुटावर घासते तिथे हीच जाडी कामाला येते. कडेला लांब साखळीसारखे फासे दिसतील, दोन्ही बाजूंना बारा-बारा. ते मोजा. बारा नसतील तर कुठेतरी कडेचा टाका विणला गेलाय.

टाच वळवणं

मोज्यातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. सपाट पट्टीचा दहा ओळींत वाटीसारखा खोलगट आकार होतो. वाचून हे डोळ्यांपुढे येत नाही. सुया हातात घ्या, एकेक ओळ वाचा आणि तेवढीच विणा.

इथे टाके कमी करायच्या दोन पद्धती लागतात. उजवीकडे झुकणारी घट म्हणजे साधे दोन टाके एकत्र सुलट. डावीकडे झुकणाऱ्या घटीसाठी दोन टाके एकेक करून, सुलट विणल्यासारखी सुई घालून उजव्या सुईवर घ्या, मग डाव्या सुईचं टोक त्या दोन्हींच्या पुढून घाला आणि दोन्ही एकत्र सुलट विणा.

पहिली ओळ: एक न विणता, १२ सुलट, डावीकडची घट, एक सुलट. डाव्या सुईवर आठ टाके शिल्लक असतील. ते तसेच ठेवून काम उलटा.

दुसरी ओळ: एक न विणता, ३ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट. काम उलटा. या बाजूलाही आठ शिल्लक.

तिसरी ओळ: एक न विणता, ४ सुलट, डावीकडची घट, एक सुलट. काम उलटा.

चौथी ओळ: एक न विणता, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट. काम उलटा.

आता नीट बघा. आधी जिथे काम उलटलं होतं तिथे टाक्यांमध्ये छोटी फट दिसते. प्रत्येक ओळीत फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन टाके एकत्र होतात, आणि फट बुजते. हे एकदा दिसलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. पाचव्या ओळीत मधले टाके ६, सहावीत ७, असे वाढत दहाव्या ओळीत ११ होतात आणि तिथे दोन्हीकडचे शिल्लक टाके संपतात. सुईवर १४ टाके उरायला हवेत. नसतील तर ओळी मोजा, अंदाजाने पुढे जाऊ नका. इथली चूक पुढे कळीत दुप्पट होऊन दिसते.

कळी

सदऱ्याला काखेत कळी लावतात तसंच हे काम: टाच आणि पाऊल जिथे मिळतात तिथे पाय सगळ्यात जाड असतो, त्यासाठी जादा कापड.

सुलट बाजूने टाचेचे १४ टाके विणा, पहिले सात एका सुईवर, पुढचे सात दुसऱ्या सुईवर. त्या दुसऱ्या सुईनेच पट्टीच्या कडेच्या बारा फाशांतून बारा टाके उचला आणि पट्टी जिथे पावलाला मिळते त्या कोपऱ्यातून एक जादा. तो एक विसरलात तर तिथे भोक राहतं. ही झाली पहिली सुई, २० टाके. मग वाट बघत असलेले १२ आणि १२ टाके दोन सुयांवर सुलट विणा, या दुसरी आणि तिसरी. मोकळ्या सुईने दुसऱ्या कोपऱ्यातला एक आणि कडेचे बारा टाके उचला, आणि टाचेचे पहिले सात त्याच सुईवर सुलट विणा. ही चौथी सुई, तिच्यावरही २०. एकूण ६४. यापुढे फेरी टाचेच्या मध्यावर सुरू होते.

घटीची फेरी: पहिल्या सुईवर शेवटचे तीन टाके उरेपर्यंत सुलट, मग दोन एकत्र सुलट, एक सुलट. दुसरी, तिसरी सुई नुसती सुलट. चौथ्या सुईवर एक सुलट, डावीकडची घट, बाकी सुलट. पुढची फेरी सगळी सुलट. या दोन फेऱ्या आठ वेळा केल्या की प्रत्येक सुईवर पुन्हा बारा टाके येतात.

पाऊल आणि बोटं

टाचेच्या मागच्या टोकापासून मोजत, पावलाच्या लांबीपेक्षा साडेपाच सेंटिमीटर कमी भरेपर्यंत सुलट विणत राहा. मोजताना मोजा सपाट ठेवा, ताणू नका. बोटांचा भाग साधारण साडेचार सेंटिमीटर होतो आणि लांबीत एक सेंटिमीटर आपण मुद्दाम कमी ठेवतो, म्हणून साडेपाच.

बोटांसाठी घटीची फेरी: पहिल्या आणि तिसऱ्या सुईच्या शेवटी दोन एकत्र आणि एक सुलट. दुसऱ्या आणि चौथ्या सुईच्या सुरुवातीला एक सुलट आणि डावीकडची घट. एक फेरी घटीची, एक साधी, असं सहा वेळा. २४ टाके उरतील. मग दोन फेऱ्या लागोपाठ घटीच्या. १६ उरले की थांबा.

हे १६ टाके नेहमीसारखे बंद केले तर बोटांवर जाड कडा येते. पहिल्या सुईवरचे चार टाके चौथ्या सुईने विणून घ्या, म्हणजे त्या सुईवर आठ होतील. दुसरी-तिसरी मिळून आठ. वीतभर लांबीच्या दोनेक पट धागा ठेवून कापा, जाड सुईत ओवा आणि दोन्ही सुया समांतर धरा.

तयारीचे दोन टाके: पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट विणल्यासारखी सुई घाला, धागा ओढा, टाका सुईवरच ठेवा. मागच्या सुईच्या पहिल्या टाक्यात सुलट विणल्यासारखी घाला, तोही ठेवा. मग हे चक्र: पुढे सुलटसारखी घालून टाका उतरवा, त्याच सुईच्या नंतरच्या टाक्यात उलटसारखी घालून ठेवा. मागे उलटसारखी घालून उतरवा, त्याच सुईच्या नंतरच्या टाक्यात सुलटसारखी घालून ठेवा. "पुढे सुलट सोड, उलट ठेव, मागे उलट सोड, सुलट ठेव," असं मी अजूनही पुटपुटत करते. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

या टाक्याला किचनर हे नाव आहे, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धमंत्र्याचं. त्या युद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, घराघरांत सैनिकांसाठी मोजे विणले जात. खंदकांतल्या थंड चिखलात पाय दिवसचे दिवस ओले राहून सडत, आणि कोरडे मोजे वरचेवर बदलणं हा त्यावरचा एक मुख्य उपाय होता. ज्यांची पावलं कधी पाहिली नाहीत अशा माणसांसाठी हजारो हात एका ठरावीक मापाने विणत होते. बोटांपाशी शिवण टोचू नये याचं मोल तेव्हा चालणाऱ्याच्या पायाला कळत होतं.

हे अगदीच जमलं नाही, तर टाके आठापर्यंत कमी करा, धागा त्यांच्यातून ओवून आवळा आणि आत गाठ न मारता पक्का करा. थोडं टोक येतं, पण टोचत नाही.

दुसरा मोजा

त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घाला, निदान बॉर्डरच्या दोन फेऱ्या तरी. पहिला झाल्याच्या आनंदात काम बाजूला पडलं की महिनोन्‌महिने पडून राहतं, आणि दरम्यान हाताचा ताणही बदलतो. पहिला विणताना बॉर्डरच्या, पायाच्या आणि पावलाच्या फेऱ्यांचे आकडे कागदावर लिहून ठेवा. टेपने मोजून दुसरा जुळवायला गेलात तर तीन-चार फेऱ्यांचा फरक हमखास पडतो.

सुटी टोकं आतून तिरकी ओवून लपवा. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून जोड दहा मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. वाकडेतिकडे टाके पाण्याने पुष्कळसे सारखे होतात.

देताना सोबत दोन गोष्टी ठेवा: कसे धुवायचे ते एका ओळीत लिहिलेली चिठ्ठी, आणि उरलेल्या लोकरीची छोटी गुंडी, रफूसाठी.

आत्याचा तो जोड मी मागून आणला होता. काठ घट्ट झाला म्हणून सगळं उसवावं लागत नाही. बॉर्डरच्या लगेच खालच्या फेरीतले ४८ टाके बारीक सुयांवर एकेक करून उचलले, वरची बॉर्डर कापून टाकली आणि त्या टाक्यांवरून वरच्या दिशेने नवी बॉर्डर विणली. शेवटी आधीच्या सुईपेक्षा एक मिलिमीटर जाड सुई घेऊन टाके सैल बंद केले. आता त्याच्या उजव्या टाचेला रफू झालंय, उरलेल्या त्याच गुंडीतल्या लोकरीचं.